वाऱ्याकडे तोंड करून: डार्टमूरचे पोनी रेखाटताना आणि टिपताना

पहिल्या हिवाळ्याच्या शेवटी फोटो निवडायला बसले तेव्हा लक्षात आलं की माझ्याकडे शे-दोनशे पुठ्ठे जमलेत. पोनींचे, म्हणजे बुटक्या जातीच्या घोड्यांचे पुठ्ठे, मागची बाजू. ओले, वाळलेले, चिखलाने माखलेले, बर्फ साचलेले. चेहरा म्हणावा असा फोटो जेमतेम एक. चित्रांच्या वहीतही तीच गत. कारण साधं होतं. सोसाट्याच्या वाऱ्यात मी वाऱ्याला पाठ देऊन चालायचे, आणि पोनीही वाऱ्याला पाठ देऊनच उभे असायचे. मग मला दिसणार काय?

त्यामुळे पेन्सिल कुठली घ्यावी, लेन्स किती लांबीची असावी, हे सगळं नंतर. या माळावर पहिला धडा वाऱ्याचा.

आधी जागा सांगते. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाकडे डेव्हन परगण्यात डार्टमूर आहे. ९५४ चौरस किलोमीटरचं हे राष्ट्रीय उद्यान १९५१ साली झालं. तिथून उत्तरेला, सॉमरसेट आणि डेव्हनच्या सीमेवर एक्समूर आहे, ६९३ चौरस किलोमीटरचं. ते १९५४चं. 'मूर'ला मराठीत माळ म्हणावं तर आपला माळ कोरडा. हा भिजलेला. खाली पीटची काळी, स्पंजासारखी माती, वर हेदर नावाचं खुरटं झुडूप, काटेरी पिवळं गॉर्स, ब्रॅकन नावाचा नेचा, आणि मधूनमधून ग्रॅनाइटच्या खडकांच्या चळती. या चळतींना 'टॉर' म्हणतात. डार्टमूरचं सगळ्यात उंच ठिकाण ६२१ मीटरचं, म्हणजे पुण्याहून जरासंच उंच. पण अटलांटिकवरून येणाऱ्या वाऱ्याला वाटेत अडवणारं काहीच नाही. प्रिन्सटाउन गावात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कोकणाशी तुलना केली तर आकडा किरकोळ वाटेल. पण आपला पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, इथला बारा महिने पुरवून पुरवून पडतो.

वाऱ्याचं गणित

जोराचा वारा आणि पाऊस असला की पोनी वाऱ्याकडे पुठ्ठा करतो, मान खाली घालतो, शेपूट पायांमध्ये दाबून धरतो. शेपटीच्या मुळाशी आखूड केसांचा पंखा असतो. त्यावरून पाणी दोन्ही बाजूंना निथळतं आणि पोटाकडची नाजूक जागा कोरडी राहते. म्हणजे तोंड वारा जातो त्या दिशेला. तोंड पाहायचं असेल तर तुम्हाला त्यांच्या पुढे जाऊन वाऱ्याकडे तोंड करून उभं राहावं लागतं. पाऊस तुमच्या डोळ्यांत, लेन्सवर आणि कागदावर. यातून सुटका नाही.

आता यात सूर्य मिळवा. इथे वारा बहुतेक वेळा नैऋत्येचा असतो. तेव्हा पोनी ईशान्येकडे बघत असतात आणि तुम्ही त्यांच्यासमोर उभ्या राहून नैऋत्येकडे बघत असता. सकाळी सूर्य तुमच्या डावीकडे असतो, आडवा उजेड पडतो, अंगाचे उंचसखल भाग उठून दिसतात. रेखाटायला ही वेळ उत्तम. दुपारनंतर तोच सूर्य पोनींच्या मागे जातो. चेहरे काळवंडतात, पण आयाळीची कड सोन्याच्या तारेसारखी पेटते. ही फोटोची वेळ. हिवाळ्यात कधी कधी पूर्वेचा कोरडा, हाडं गोठवणारा वारा सुटतो. तेव्हा पोनी पश्चिमेकडे तोंड करतात आणि दुपारचा उजेड थेट त्यांच्या चेहऱ्यावर पडतो. उत्तरेचा वारा असला तर दिवसभर चेहरे उजेडात. म्हणून आदल्या रात्री हवामानाचा अंदाज बघताना मी आधी वाऱ्याची दिशा बघते, पाऊस नंतर. दिशेवरून ठरतं, उद्या पहाटे उठायचं की आरामात चहा घेऊन निघायचं.

मंद झुळूक असली तर हा नियम विसरा. चरणारा पोनी कुठेही तोंड करतो. आणि उन्हाळ्यात तर उलटच प्रकार. माश्यांना कंटाळून ते मुद्दाम टॉरच्या माथ्यावर, वाऱ्यात येऊन उभे राहतात. दोघंदोघं, एकाचं तोंड दुसऱ्याच्या शेपटीकडे, म्हणजे एकमेकांच्या तोंडावरच्या माश्या फुकटात हाकलल्या जातात. चित्रासाठी याहून चांगली रचना कुणी मांडून दिली नसती.

कुठे शोधायचे

नवीन माणसाने हेटॉर ते सॅडल टॉर या रस्त्यालगतच्या माळापासून सुरुवात करावी. इथले पोनी माणसांना सरावलेले आहेत. थोडे जास्तच. गाडीचं दार उघडलं की खिसे हुंगायला येतात. त्यांना काही देऊ नका. खायला घालणं डार्टमूरवर नियमाविरुद्ध आहे, आणि नियम कुणाच्या आकसापोटी झालेला नाही. खाऊला चटावलेला पोनी रस्त्यावर रेंगाळतो आणि रात्री गाडीखाली येतो. माळावरच्या रस्त्यांना ताशी ४० मैलांची मर्यादा आहे ती याचसाठी.

थोडं धाडस आलं की पोस्टब्रिज-बेलेव्हरकडे किंवा मेरिवेलच्या प्राचीन दगडी रांगांपाशी जा. उत्तर डार्टमूरचा बराच भाग लष्कराच्या गोळीबाराच्या सरावाचा आहे. ओकहॅम्प्टन, विल्सवर्दी आणि मेरिवेल ही तीन क्षेत्रं. सरावाच्या दिवशी हद्दीवर लाल बावटे लागतात. वेळापत्रक आधी जाहीर होतं, ते बघूनच निघा. प्रिन्सटाउनच्या दक्षिणेला फॉक्स टॉर मायर ही नामांकित दलदल आहे. हिरवंगार, लुसलुशीत, सपाट गवत दिसलं की आपल्याला पाय ठेवावासा वाटतो. तिथेच ठेवू नये. मी एकदा गुडघ्यापर्यंत गेले होते. बूट परत मिळाला, पेन्सिलींचा डबा नाही. पोनी ज्या पायवाटेने गेले ती वाट साधारणपणे टणक असते, पण त्यांना चार पाय आहेत हे लक्षात असू द्या.

हिवाळ्यात ते टॉरच्या किंवा दगडी भिंतीच्या आडोशाला, गॉर्सच्या झुडपांत सापडतात. गॉर्सचे काटे खुशाल चावून खातात. शिंगरं बहुतेक एप्रिल ते जूनमध्ये जन्मतात. ऑगस्टमध्ये हेदर जांभळा होतो, ऑक्टोबरात ब्रॅकन गंजासारखा तांबडा. मला विचाराल तर मी जांभळा ऑगस्ट टाळते. प्रत्येक शुभेच्छापत्रावर तोच असतो. नोव्हेंबरचा ओला तांबडा माळ आणि त्यावर काळपट पोनी, याला तोड नाही.

एक्समूरला जाणार असाल तर विन्सफर्ड हिल. घोड्यांची चित्रं काढणारे प्रसिद्ध चित्रकार आल्फ्रेड मनिंग्ज दुसऱ्या महायुद्धात याच भागातल्या विदिपूल गावी येऊन राहिले होते. डेडममधलं त्यांचं घर लष्कराने घेतलं होतं. इथे त्यांनी पोनी रंगवले. त्याच युद्धाच्या अखेरीस एक्समूर पोनींची संख्या पन्नासच्या आसपास उरली होती. आज तुमच्या समोर जो कळप चरतोय तो त्या मूठभरांचा वंश आहे.

कोण कोणता

हे 'जंगली घोडे' नाहीत. माळावरचा जवळपास प्रत्येक पोनी कुणातरी शेतकऱ्याच्या मालकीचा असतो. त्या शेतकऱ्याला सामाईक कुरणावर चराईचा पिढीजात हक्क असतो. कानातल्या खुणा, डाग, बिल्ले यांवरून मालक ओळखतात. चित्रात ती खूण गाळायची की ठेवायची हा तुमचा प्रश्न. मी ठेवते.

नोंदणीकृत डार्टमूर पोनीची कमाल उंची १२.२ हात. हा दशांश नव्हे हं. एक 'हात' म्हणजे चार इंच, आणि टिंबानंतरचा आकडा उरलेल्या इंचांचा. १२ हात २ इंच, म्हणजे १२७ सेंटिमीटर. माळावर मात्र नोंदणी नसलेले, सगळ्या रंगांचे 'हिल पोनी'च जास्त दिसतात. इथे आपली भाषा कामाला येते. घोड्यांच्या रंगांसाठी मराठीत किती नेमके शब्द आहेत! अबलख म्हणजे काळा-पांढरा, सब्जा म्हणजे राखाडी-पांढरट, मुश्की म्हणजे काळा, समंद म्हणजे पिवळसर, आणि कुमैत. भीमथडीच्या तट्टांवर राज्य तोलणाऱ्या मुलखाचीच ही शब्दसंपत्ती. मी वहीत तेच लिहिते. 'तपकिरी अंग, काळी आयाळ, काळे पाय' लिहीपर्यंत पोनी निघून जातो, 'कुमैत' लिहायला एक क्षण पुरतो.

एक्समूर पोनी ओळखायला सोपा. कुमैत, तपकिरी किंवा धुरकट पिवळसर अंग, पीठ लागल्यासारखं फिकट तोंड, आणि डोळ्याभोवती जाड, फिकट कड. इंग्रज त्याला बेडकाचा डोळा म्हणतात. पांढरा ठिपका कुठेही नाही. पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेला एक्समूर काढलात तर जाणकार हसतील.

जवळ जाताना

लपतछपत जाऊ नका. दबकत येणारा प्राणी शिकारीच असतो असं त्यांना वाटतं. घोड्याला जवळपास चहूबाजूंचं दिसतं, फक्त अगदी मागचं आणि कपाळासमोरचं थोडं दिसत नाही. म्हणून थेट मागून नको, थेट समोरूनही नको. मोठा वळसा घेत, तिरकं चालत, मध्ये थांबत, दुसरीकडेच बघत जा. एखाद्याने चरणं थांबवून मान वर केली की तुम्ही थांबा. पुन्हा चरायला लागला की चार पावलं. कान मागे चिकटले, शेपूट फटकारली गेली किंवा पुठ्ठा तुमच्याकडे वळला, तर माघार. घोडी आणि तिचं शिंगरू यांच्या मध्ये कधीही जायचं नाही. शिंगरू आडवं, पाय ताणून निपचित पडलेलं दिसलं तर घाबरू नका, बहुतेक वेळा ते गाढ झोपलेलं असतं. मला हे कळायला एकदा एका शेतकऱ्याला फोन करून स्वतःचं हसं करून घ्यावं लागलं.

एका जागी तासभर बसायची तयारी असेल तर अर्धं काम झालं. तेवढ्या वेळात कळपाला तुमचा कंटाळा येतो. तोच क्षण हवा असतो.

पिशवी

ओएल-२८ क्रमांकाचा ऑर्डनन्स सर्व्हे नकाशा (एक्समूरसाठी ओएल-९) आणि होकायंत्र. फोनला रेंज असेलच असं नाही. जलरोधक बूट, थरावर थर कपडे, बोटांची टोकं उघडी राहणारे हातमोजे, त्यावर घालायला दुसरे जाड मोजे. बसायला फोमचा तुकडा. मे ते ऑक्टोबर पँट मोज्यांत खोचायची, कारण ब्रॅकनमध्ये गोचिड असतात आणि त्यांच्यामुळे लाइम नावाचा आजार होतो. घरी आल्यावर अंग तपासायचं.

चित्रासाठी ए-४ पेक्षा मोठा कागद नेऊ नका. मोठं पॅड वाऱ्यात शिडासारखं फुगतं आणि तुम्हालाच घेऊन निघतं. पातळ प्लायवूडची फळी, चारही कोपऱ्यांना क्लिपा, गळ्यात अडकवायला पट्टा. ४बी आणि ६बी पेन्सिली, कॉन्टे नावाचा एक कडक खडू, मऊ खोडरबर. कोळसा मला आवडतो, पण ओल्या हवेत तो चिकटतो आणि वाऱ्यात उडतो, तो घरी. जलरंगासाठी ३०० ग्रॅमचा (चौरस मीटरला) जाड कागद, सहा रंग पुरे. बर्न्ट सिएना, रॉ अंबर, अल्ट्रामरीन, पेन्स ग्रे, यलो ऑकर आणि एखादा जांभळा. हिरवा नेऊ नका. डबीतला हिरवा या माळावर खोटा दिसतो, ऑकर आणि ग्रे मिसळून तो जमतो. गोठणाऱ्या थंडीत पाण्यात थोडी व्होडका घातली तर ब्रशचं पाणी लवकर बर्फ होत नाही. ती रंगातच घालायची, हे आपलं उगाच सांगितलं.

हात चालवणं

पहिली पंधरा मिनिटं एकेका पोनीला वीस-वीस सेकंद. पाठीची रेघ, मानेची रेघ, वजन कुठल्या पायांवर आहे ते. बस. डोळे, कान, आयाळ काही नाही. एका पानावर आठ-दहा आकृत्या एकमेकींत घुसल्या तरी चालेल. पोनी हलला की रेघ सोडा, नवीन सुरू करा. तासाभरात कुणीतरी पुन्हा त्याच मुद्रेत येतं, तेव्हा अर्धवट रेघ पुरी करा. जनावरांच्या ठरलेल्या मुद्रा फार नसतात.

मग सांगाडा. पुढच्या पायाचा जो 'गुडघा' वाटतो ते खरं तर आपलं मनगट, आणि मागच्या पायाचा मागे वळलेला कोपरा ही टाच. घोडा एकेका बोटाच्या नखावर उभा असतो. हे एकदा डोक्यात बसलं की पाय चुकीच्या जागी वाकत नाहीत. अठराव्या शतकात जॉर्ज स्टब्ज यांनी लिंकनशरमधल्या हॉर्क्स्टो गावी दीड वर्ष घोड्यांची शवं सोलून हेच शिकून घेतलं. आपल्याला निदान तो वास सोसावा लागत नाही.

पोनी म्हणजे लहान केलेला घोडा नव्हे. सगळ्यात जास्त चूक इथे होते. पोनीचं धड खोल, पाय आखूड, मान जाड, डोकं अंगाच्या मानाने मोठं. पेन्सिल हाताच्या अंतरावर धरून मोजा: पाठीपासून पोटाखालपर्यंत किती, आणि पोटापासून जमिनीपर्यंत किती. धष्टपुष्ट पोनीत ही दोन मापं जवळपास सारखी येतात. शिंगराचं उलट, पायच पाय.

हिवाळ्यात सांगाडा दिसतच नाही. आत लोकरीसारखा दाट थर, बाहेर लांब, तेलकट केस. पावसात हे बाहेरचे केस एकत्र येऊन टोकदार जुड्या होतात आणि त्यांवरून पाणी निथळतं. केस काढत बसू नका. जुड्या काढा, त्याही फक्त तिथे जिथे पोट सावलीत वळतं. बर्फात तर आणखी सोपं. आतली ऊब बाहेर येत नाही, म्हणून पाठीवरचा बर्फ वितळत नाही. पाठ म्हणजे कोरा कागद सोडून द्यायचा. खालची काळी बाजू एका ओल्या फटकाऱ्यात.

वारा दाखवायचा तर आयाळ उडवून भागत नाही. आजूबाजूचं गवत त्याच दिशेला झुकलं पाहिजे, हॉथॉर्नचं झाड एका अंगाला वाढलेलं पाहिजे, शेपूट अंगाला चिकटली पाहिजे. आयाळ उत्तरेला आणि गवत पूर्वेला, अशी चित्रं मी स्वतः विकली आहेत. घेणाऱ्याने काही म्हटलं नाही, पण मला ती आठवली की लाज वाटते.

पावसाचे थेंब पडले तर पुसू नका. रंगात उठलेले ते पांढरट डाग मी ठेवते. स्टुडिओत मीठ शिंपडून तसे डाग करता येतात म्हणे. येतात, पण नजरेला कळतं.

कॅमेरा

१००-४०० मिलिमीटरची झूम असेल तर दुसरं काही नको. शटरचा वेग उभ्या पोनीला १/२५० सेकंद, चालत्याला १/५००, चौखूर उधळलेल्याला १/१००० किंवा त्याहून जलद. पण वारं असताना उभ्या पोनीचीही आयाळ पळत असते. केस न् केस हवा असेल तर १/१०००. मला उलट आवडतं: १/३० वर कॅमेरा खडकावर ठेवायचा, खाली तांदळाची पुरचुंडी, आणि श्वास धरायचा. पोनी दगडासारखा स्थिर येतो आणि आयाळ, गवत धुरासारखं वाहतं. दहातले नऊ वाया जातात. ट्रायपॉड आणलाच तर पाय आखूड ठेवून जमिनीलगत लावा.

काळपट पोनीने चौकट भरली की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, आणि तो फोटो उजळ करून काळ्याचा राखाडी करतो. तेव्हा उजेड दोन-तृतीयांश स्टॉप (कॅमेऱ्यातलं उजेडाचं माप) कमी करा. तोच पोनी मोकळ्या आभाळासमोर असला तर एक स्टॉप वाढवा. डोळा शोधणारा आधुनिक फोकस कपाळावरच्या झुलपांपुढे हात टेकतो. एकच फोकसबिंदू निवडून गालावर ठेवा. आणि बसा. उभ्याने खाली रोखून काढलेल्या फोटोत पोनी खेळण्यातला दिसतो. कॅमेरा त्याच्या छातीच्या उंचीवर आला की मागे टॉर आणि आभाळ येतं.

लेन्सला हूड लावलेलाच असू द्या, कापडं चार न्या, आणि दोन फोटोंच्या मध्ये कॅमेरा जॅकेटच्या आत, वाऱ्याला पाठ. जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत.

फोटोवरून चित्र काढणाऱ्यांसाठी एक सूचना. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीने बारा कॅमेरे लावून दाखवलं की दौडताना चारही खूर जमिनीवरून सुटतात ते पाय पोटाखाली गोळा झालेले असताना, पुढेमागे ताणलेले असताना नाही. जुन्या चित्रांतले ताणलेले घोडे त्यामुळे एका फटक्यात खोटे ठरले. तरीही गोठवलेली चौकट चित्रात उतरवली की कधी कधी जनावर लटकल्यासारखं दिसतं. खरं असूनही. मी फोटो पायांच्या जागेसाठी वापरते, वेग वहीतून घेते.

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात 'ड्रिफ्ट' होतो. शेतकरी घोड्यांवर, क्वाड बाइकवर, पायी निघून माळभर पसरलेले पोनी हाकत खाली आणतात आणि त्यांची तपासणी, निवड होते. एकदा तरी बघा. आधी विचारून जा, भिंतीच्या पलीकडे उभ्या राहा, कळपाच्या वाटेत येऊ नका. बरीच शिंगरं तिथून आईपासून वेगळी होतात, विकली जातात. कॅमेरा त्या दिवशी कधी उचलायचा हे ज्याचं त्याने ठरवावं. मी टापांचे आवाज ऐकले आणि दोनच पानं काढली.

घरी आल्यावर

कॅमेरा पिशवीतून लगेच काढू नका. उबदार खोलीत गार लेन्सवर दव धरतं. पिशवी बंदच ठेवून तास-दोन तास थांबा. ओले कागद फळीवरच, क्लिपांसकट वाळू द्या, नाहीतर पापडासारखे मुरडतात. कोळसा, मोठी चित्रं, कॅनव्हास याची पाळी आता, आठवण ताजी असताना त्याच संध्याकाळी. उद्यावर टाकलं की चित्रातला पोनी साळसूद होतो.

पोटापाण्याचं विचाराल तर मोठी चित्रं वर्षात मोजकी जातात, शुभेच्छापत्रं आणि छोट्या प्रती वीजबिल भरतात. डिसेंबरात पावणेआठनंतर कुठे उजाडतं आणि साडेचारला अंधार, तेव्हा माळावर चार-पाच तासच मिळतात. बाकी वेळ पाकिटं, पोस्ट आणि हिशेब.

झोपण्याआधी प्रत्येक कागदाच्या मागे तारीख, ठिकाण, वाऱ्याची दिशा आणि जे आठवेल ते लिहून ठेवा. माझ्या मागच्या हिवाळ्यातल्या एका पानामागे आहे: 'सॅडल टॉर, नैऋत्य, जोराचा. सकाळी साडेनऊ. पाच पोनी, त्यांतला एक सब्जा, डाव्या कानात खूण. सगळ्यांची तोंडं दिसली. साडेदहाला बोटं गेली.'